लाल शाईच्या शेजारी नियम हवा

नेरे गावाशेजारी हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. तिथे नोकरी मागणाऱ्या आपल्या मुलामुलींचे इंग्रजी आधी पाहिले जाते. म्हणून इंग्रजीतली चूक दुरुस्त झालीच पाहिजे, पण ती का झाली हेही सांगितले पाहिजे.

डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६१) ही कादंबरी घ्या. विद्यार्थी लिहितो, ‘पिप इज पुअर बॉय.’ मराठीत ‘पिप गरीब मुलगा आहे’ एवढे पुरते. इंग्रजीत अशा एकवचनी नामाला ‘अ’ लागतो. ‘पिप इज लव्हिंग एस्टेला’ हे ‘प्रेम करत आहे’चे शब्दशः रूप आहे; इंग्रजीत मनाची अवस्था सहसा साध्या काळात सांगतात : ‘पिप लव्हज एस्टेला.’ ‘मॅगविच टोल्ड पिप दॅट ब्रिंग अ फाइल’ (फाइल म्हणजे कानस) यात मराठीतला ‘की’ शिरला आहे. तिथे ‘टु ब्रिंग’ हवे.

मुलाने आपल्या भाषेचे व्याकरण चोख पाळले आहे. घरात इंग्रजी कानावर पडत नाही, तेव्हा तिचा नियम त्याला वर्गातच मिळायला हवा.

याच कादंबरीत लोहाराच्या घरात वाढलेला पिप पत्त्यांतल्या गुलामाला ‘नेव्ह’ न म्हणता ‘जॅक’ म्हणतो. एस्टेला त्याला हिणवते. तेव्हापासून त्याला आपल्या खरबरीत हातांची आणि जाड बुटांची लाज वाटू लागते. नुसती फुली मारणारा शिक्षक एस्टेलाचेच काम करतो. फुलीशेजारी नियम लिहिला, तर मूल इंग्रजी शिकेल आणि मान वर ठेवून शिकेल.