ड्रोनचे चित्रण हिसके का देते?

रनाळ्यासारख्या गावाच्या शिवारावरून ड्रोन फिरवला की चित्रण झटके खाते. असे का? तीन अक्षांचा गिंबल कॅमेऱ्याचे कलणे, थरथरणे सावरतो; रिमोटची स्टिक एकदम ढकलल्याने बदललेला वेग मात्र तो लपवू शकत नाही. म्हणून स्टिक अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरा. हळूहळू दाबा, तितक्याच हळू सोडा. सेटिंगमधला ‘एक्स्पो’ जुळवला की मध्याजवळ स्टिकचा प्रतिसाद मवाळ होतो.

सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटर 1/50 ठेवा. भर उन्हात हा शटर-वेग टिकवण्यासाठी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा. सकाळच्या मंद वाऱ्यात आधी सरळ रेषा, मग वळण, नंतर दोन्ही एकत्र असा सराव करा. 2021 च्या ड्रोन नियमांतील हिरव्या क्षेत्राची 120 मीटरची मर्यादा पाळा आणि ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवा. सुरक्षित उड्डाण हाच चांगल्या चित्रणाचा पाया आहे.