तक्त्यातील एकच चौकट रंगवायची तर...

कांद्याच्या बाजारभावाचा एखादा तक्ता डोळ्यांसमोर आणा. पहिल्या रकान्यात जिल्हा, दुसऱ्यात बाजार समिती, मग किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, आणि शेवटी क्विंटलमधील आवक. वाचकाला प्रामुख्याने हवा असतो तो सर्वसाधारण दर. तेव्हा तेवढा रकाना फिकट पिवळा करावा, असे पान तयार करणाऱ्याला वाटते. छापील अंकात हे काम सोपे आहे. मांडणी करताना एकदा रंग भरला की तो प्रत्येक प्रतीत तसाच उमटतो. वेबपानावर मात्र रंग भरतो तो वाचकाच्या संगणकातील ब्राऊजर. पान तयार करणाऱ्याच्या हाती असते ती केवळ सूचना. ही सूचना ज्या भाषेत लिहितात ती सीएसएस, अर्थात ‘कॅस्केडिंग स्टाइल शीट्स’. डब्ल्यूथ्रीसी या मानके ठरविणाऱ्या संस्थेने तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये मान्य केली.

प्रश्न रंगाचा नाहीच. ‘ही चौकट’ असे ब्राऊजरला सांगायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

सर्वांत जुना मार्ग म्हणजे हव्या त्या प्रत्येक चौकटीला एक नाव द्यायचे. या नावाला ‘क्लास’ म्हणतात. त्या नावाच्या सर्व चौकटी पिवळ्या करा, एवढी एकच सूचना मग पुरते आणि अगदी जुने ब्राऊजरही ती पाळतात. अडचण एवढीच की तक्ता दोनशे ओळींचा असेल तर नाव दोनशे वेळा लिहावे लागते. हाताने पाने लिहिणाऱ्यांना याचा कंटाळा येणे स्वाभाविक होते.

त्यावर सुचणारा दुसरा उपाय म्हणजे संपूर्ण रकान्यालाच सूचना देणे. एचटीएमएलमध्ये रकान्यासाठी ‘कोल’ नावाची खूण आहेही. पण येथे अनेकांची फसगत झाली. एचटीएमएलचा तक्ता ओळींनी बनतो. चौकट ओळीच्या पोटात असते, रकान्याच्या नव्हे. त्यामुळे अक्षरांचा रंग किंवा आकडे उजवीकडे सरकविणे यांसारख्या गोष्टी चौकटीला ओळीकडून वारशाने मिळतात, रकान्याकडून मिळत नाहीत. प्रमाण सीएसएसनुसार रकान्याला चारच गोष्टी लागू होतात : कडा, पार्श्वभूमी, रुंदी आणि दृश्यता. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्या मात्र नियम सोडून रकान्याचे संरेखनही पाळत. साहजिकच केवळ त्याच ब्राऊजरमध्ये पान तपासणाऱ्याला सारे ठीक दिसे आणि फायरफॉक्समध्ये तेच आकडे डावीकडे चिकटलेले आढळत. नियम मोडणारा ब्राऊजर सोयीचा वाटे आणि पाळणारा बिघडलेला, अशी उलटी स्थिती होती.

पार्श्वभूमीचा रंग रकान्याला लागतो खरा, पण त्यातही मेख आहे. तक्ता म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांची चळत समजावी. सर्वांत खाली तक्ता, त्यावर रकाने, त्यावर ओळी आणि सर्वांत वर चौकटी. वाचनसुलभतेसाठी एकाआड एक ओळ करड्या रंगात रंगवली, तर खालच्या रकान्याचा पिवळा रंग त्या ओळींमागे झाकला जातो.

तिसरा मार्ग मोजणीचा. ‘ओळीतील पहिली चौकट’ असे सांगणारा ‘फर्स्ट-चाइल्ड’ हा निवडक मे १९९८ मधील सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीत आला. २००१ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला तो समजत नव्हता. २००६ मधील सातव्या आवृत्तीला समजू लागला. मग ‘पहिलीच्या शेजारची, तिच्या शेजारची’ अशी साखळी जोडून पाचव्या चौकटीपर्यंत पोहोचण्याची क्लृप्ती रूढ झाली. थेट ‘पाचवी चौकट’ म्हणता येणारा ‘एन्थ-चाइल्ड’ फायरफॉक्समध्ये २००९ साली ३.५ या आवृत्तीत, तर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये २०११ साली नवव्या आवृत्तीत आला. मधल्या काळात जेक्वेरीसारख्या जावास्क्रिप्टच्या संचांनी ही उणीव भरून काढली.

न समजलेली सूचना ब्राऊजर मुकाट्याने सोडून देतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. क्लासचा निवडक आणि एन्थ-चाइल्ड असे दोन्ही स्वल्पविराम देऊन एकाच सूचनेत लिहिले, तर आठव्या आवृत्तीसारखा जुना ब्राऊजर न कळलेल्या अर्ध्या भागापायी अख्खी सूचनाच टाकून देई. त्या दोन वेगळ्या लिहिल्या की निदान क्लासची तरी लागू होई.

आज प्रमुख ब्राऊजरांत एन्थ-चाइल्ड सर्वत्र चालतो. तरीही मोजणीचा धोका संपलेला नाही, कारण ब्राऊजर येथे रकाने मोजत नाही, ओळीत लिहिलेल्या चौकटी मोजतो. वरच्या तक्त्यात लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि येवला या तीन ओळींना मिळून ‘नाशिक’ ही एकच उभी जोडचौकट दिली आहे, असे समजा. पहिल्या ओळीत सहा चौकटी आहेत आणि पाचवी चौकट सर्वसाधारण दराची आहे. पुढच्या दोन ओळींत जिल्ह्याची चौकट लिहिलेलीच नाही. तेथे पाचवी चौकट येते ती आवकेची. म्हणजे लासलगावचा दर पिवळा, पण पिंपळगाव आणि येवल्याची क्विंटलमधील आवक पिवळी! पिवळा म्हणजे दर, अशी सवय झालेला वाचक त्या आवकेलाच भाव समजून बसेल. सर्व ब्राऊजर ही चूक एकमताने करतात आणि चुकीची सूचनाही कुठे झळकत नाही. या तक्त्यापुरता उपाय म्हणजे शेवटाकडून मोजणे. शेवटून दुसरी चौकट प्रत्येक ओळीत दराचीच आहे. परंतु आवक नसल्याने शेवटचे रकाने जोडलेले असले, तर हिशेबही नव्याने करावा लागतो.

म्हणूनच आमच्या मते बाजारभाव, निकाल, वेळापत्रक अशा तक्त्यांत जुना क्लासच बरा. हे तक्ते आता बहुधा संगणक प्रणालीच तयार करते, तेव्हा दोनशे वेळा नाव लिहिण्याचा त्रास कोणालाच होत नाही. एकाआड एक ओळ रंगविण्यासारख्या केवळ शोभेच्या कामाला एन्थ-चाइल्ड खुशाल वापरावा. तो चुकला तरी कोणाचे नुकसान नाही.

नुसत्या रंगावर विसंबणेही योग्य नाही. पान छापताना ब्राऊजर सहसा पार्श्वभूमीचा रंग गाळतात आणि दृष्टिहीन वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणारी प्रणाली पिवळा रंग उच्चारत नाही. महत्त्वाचा आकडा ठळक करावा आणि रकान्याचे शीर्षक शीर्षकाच्या खुणेतच लिहावे.

जुन्या ब्राऊजरांची चिंता बऱ्याच अंशी मिटली आहे. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार थांबविला. मात्र जुन्या कार्यालयीन प्रणालींसाठी एज या ब्राऊजरमधील त्याची जुनी पद्धत किमान २०२९ पर्यंत चालू राहील, असे त्याच कंपनीने सांगितले आहे. अशा कार्यालयासाठी पान तयार करणाऱ्याने ते त्या पद्धतीत एकदा उघडून पाहावे. खऱ्या अर्थाने रकान्यानुसार चौकट निवडणाऱ्या, दोन उभ्या रेघांच्या चिन्हाचा प्रस्ताव सीएसएसच्या मसुद्यात मांडला गेला आहे. कोणत्याही प्रमुख ब्राऊजरने तो अद्याप अमलात आणलेला नाही.