मारवाडचे टाके आणि आपली शेती

हैदराबादचा बेगम बाजार मराठवाड्यातील जुन्या मंडळींना परका नाही. १९५६ सालापर्यंत आपले तेव्हाचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात होते आणि ठोक मालाची मोठी पेठ म्हणजे बेगम बाजार. दुसरा निजाम, निजाम अली खान, याच्या बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आजही तेथे मिरची, मसाले, सुका मेवा आणि भांडी यांची दुकाने एकाला एक लागून आहेत. पुष्कळशा पेढ्यांवर मारवाडी बोली कानी पडते.

ही माणसे एवढ्या लांब का आली? व्यापारासाठी, हे तर खरेच. पण त्यामागे त्यांचा मुलूखही आहे. जेथे तीनचार वर्षांतून एकदा पीक बुडायचे, तेथे घरातला एक भाऊ जमीन व गुरे सांभाळी आणि दुसरा परमुलखात दुकान मांडी. आपल्याकडे काही ठिकाणी सावकारीच्या कडू आठवणी आहेत. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. परंतु मारवाड म्हणजे केवळ व्यापारी नव्हेत. मागे राहिला तो शेतकरी आणि मेंढपाळ. त्याच्याकडून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मुलूख कसा आहे?

जोधपूर, बिकानेर, बाडमेर, जैसलमेर हे थरच्या वाळवंटातील जिल्हे. जोधपूरला वर्षाला सुमारे ३५० मिलीमीटर पाऊस पडतो, जैसलमेरला २०० च्या आसपास. आपल्या मराठवाड्याची सरासरी सुमारे ७०० आहे. तेथे वारा वाळू उडवतो, उन्हाळा भाजून काढतो आणि खोल विहिरींचे पाणी पुष्कळदा खारे लागते. १८९९-१९०० चा दुष्काळ तिकडे 'छपनिया' म्हणून अजून बोलण्यात येतो, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. तरीही जगातील वाळवंटांमध्ये सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत थरची गणना होते.

माणसे कशी जगतात?

तेथील शेतकरी एकाच पिकावर सगळा डाव लावीत नाही. बाजरीबरोबर तो मटकी, गवार आणि तीळ पेरतो. बाजरी गेली तर मटकी हाती लागते, आणि दाणे भरले नाहीत तरी गुरांना वैरण होते. थारपारकर व राठी गाई, शेळ्या, मेंढ्या आणि उंट ही त्याची चालती-बोलती बँक. आपल्या धनगरांप्रमाणे तेथील रायका मेंढपाळ चाऱ्यासाठी कळप घेऊन दूरदूर जातात.

शेतात खेजडीचे झाड असते. खेजडी म्हणजे आपली शमी. तिची मुळे खोल जातात, जमिनीचा कस वाढतो आणि तिच्याखाली बाजरी चांगली येते. पाला जनावरांना, शेंगा भाजीला, फांद्या चुलीला. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावी ही झाडे वाचवताना ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. झाडावर संसार चालतो हे त्यांना ठाऊक होते.

पाणी कसे साठवतात?

मारवाडात घराजवळ जमिनीत टाके बांधतात. आपल्या गडकिल्ल्यांवरही टाकी आहेत. मारवाडी टाक्याभोवतीची जमीन चोपून, साफ करून तिला आत उतार देतात. पावसाळ्याआधी तेथे झाडलोट होते आणि गुरांना फिरकू देत नाहीत. जैसलमेरकडे पालीवाल ब्राह्मणांनी उतारावर बांध घालून पाणी जिरवायची आणि त्याच ओलीवर हरभरा-गहू घ्यायची रीत घातली. तिला 'खडीन' म्हणतात.

पुढे इंदिरा गांधी कालवा आला. त्याने लाखो एकर ओलिताखाली आणले, पण जेथे बेसुमार पाणी दिले तेथे दलदल झाली आणि जमिनी खारावल्या. कोरड्या जमिनीला जास्त पाणीही सोसत नाही.

आरोग्याची एक गोष्ट

नारू हा रोग वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पायाला फोड येऊन त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा निघे. असा पाय घेऊन माणूस पायऱ्यांच्या बारवेत उतरला की किड्याची पिल्ले पाण्यात मिसळत, तेथील बारीक जीवांच्या पोटात जात आणि तेच पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. या रोगाला औषध नव्हते, लसही नव्हती. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे आणि हातपंप बसवणे अशा उपायांनी लढाई जिंकली. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला.

आपण काय करावे?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. जैसलमेरच्या तिप्पट पाऊस पडणाऱ्या मुलखावर ही वेळ यावी, याचा विचार व्हायला हवा. आपण ऊस वाढवला, बोअर खोल नेले, पण छपरावरचे पाणी गटारात सोडले.

१. छपराचा हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० चौरस मीटर पत्र्यावर ७०० मिलीमीटर पावसाचे ३५,००० लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी २८,००० उरतात. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यास रोज ४० लिटर धरले, तर वर्षाला १४,६०० लिटर पुरतात.

२. पहिल्या पावसाचे पाणी टाक्यात घेऊ नका. छप्पर धुऊन जाऊ द्या. टाक्याला झाकण व जाळी हवीच, नाहीतर डास होतात. पाणी उकळून प्या.

३. एकच पीक घेऊ नका. बाजरी, मटकी, तूर यांना बांधावर जागा द्या. हलक्या जमिनीत उमराणसारखी कलमी बोरे लावा. उन्हाळ्यात ते झाड पाने गाळून विसावा घेते, म्हणून कमी पाण्यात तगते.

४. बांधावरची शमी, बाभूळ तोडू नका.

पवित्र शास्त्रात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले, म्हणून दुष्काळात मिसर देश वाचला. इसहाकाने बापाच्या बुजलेल्या विहिरी पुन्हा उपसल्या. पाऊस देणे देवाच्या हाती आहे. तो साठवणे आपल्या हाती आहे. मिस्सानंतर चार घरांनी एकत्र बसून एका टाक्याचा जरी हिशेब मांडला, तरी येत्या उन्हाळ्यात चार घरच्या बायामाणसांच्या डोक्यावरचा हंडा उतरेल.