गप्प मुलाचे गुण

शस्त्रक्रियेआधी लहान मूल किती घाबरले आहे हे ठरवण्यासाठी भूलतज्ज्ञ जी मोजपट्टी बहुतेक वेळा वापरतात, ती येल विद्यापीठात झेव्ह केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 च्या सुमारास तयार करून 1997 मध्ये सुधारली. तीत मुलाला काहीच विचारले जात नाही. प्रतीक्षाकक्षापासून तोंडावर भुलीचा मास्क येईपर्यंतच्या ठरावीक क्षणी निरीक्षक बाजूला उभा राहून हालचाल, आवाज, चेहऱ्यावरचे भाव, सावधपणा आणि आईवडिलांचा घेतलेला आधार अशा पाच अंगांनी त्याचे वागणे न्याहाळतो व प्रत्येक अंगाची पायरी नोंदवतो. आवाजाला सहा आणि इतर अंगांना चार पायऱ्या असतात. मुलाच्या पायरीला त्या अंगाच्या एकूण पायऱ्यांनी भागून पाचांची सरासरी शंभराने गुणली, की गुण निघतो. अगदी निर्धास्त मुलालाही 23.3 गुण पडतात, आणि 30 च्या पुढे गेलेले मूल चिंताग्रस्त धरतात.

डॅनिश, स्पॅनिश अशा भाषांत ही श्रेणी नेताना मजकूर उलट मूळ भाषेत आणून ताडला जातो आणि दोन निरीक्षकांचे मत योगायोगापलीकडे किती जुळते, हे कप्पा या गुणांकाने तपासले जाते. मात्र एकाच समाजात वाढलेले दोघे निरीक्षक एकाच प्रकारे चुकले, तरी कप्पा उत्तमच येणार.

खरी अडचण गप्प मुलाची आहे. मोठ्यांच्या बोलण्याला प्रतिसाद न देता गप्प राहणे ही आवाजाची तिसरी पायरी असल्यामुळे, बाकी सर्व ठीक असलेले मूलही केवळ तेवढ्याने बरोबर 30 वर पोहोचते. त्यातच ते आईच्या कुशीत तोंड लपवून बसले, तर सावधपणाची दुसरी पायरी धरून गुण 35 होतो. परक्या माणसांसमोर, त्यातही डॉक्टरांसमोर, न बोलणे हेच जेथे शहाणपणाचे लक्षण मानतात, तेथे हा आकडा भीतीचा की वळणाचा, हे केवळ पाहून सांगता येत नाही. पाच वर्षांवरील मुलांसाठी स्पीलबर्गर यांची स्वतः उत्तरे देण्याची प्रश्नावली ताळ्याला घेता येते. त्याहून लहानांना तोही मार्ग नाही.

आईवडिलांना थिएटरच्या दारातच थांबवणाऱ्या रुग्णालयांत पाचवे अंग मोजताच येत नाही. 2014 च्या संक्षिप्त आवृत्तीत ते गाळले आहे, पण उरलेल्या चार अंगांच्या सरासरीत नुसत्या गप्प बसण्याचा गुण 31.25 भरतो.