पडद्यावरचे गणित आणि शंभरावे मेंढरू

जालना शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीत, जिला आपण सर्वजण 'एमआयडीसी' या नावानेच ओळखतो, भंगार लोखंड वितळवून बांधकामाच्या सळया तयार करणारे अनेक कारखाने आहेत. भट्टी आणि रोलिंग मिल यांचे काम पाळ्यांमध्ये चालते. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून आलेली, तसेच उत्तर प्रदेश व बिहारसारख्या दूरच्या राज्यांतून आलेली कुटुंबे या कामावर जगतात. अशा घरांत पुस्तकांचे कपाट नसेल, परंतु स्मार्टफोन बहुधा असतो. त्यामुळे प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे आज एक प्रश्न उभा आहे : मुलाला गणित जमत नाही, तर फोनवर एखादे ॲप घालून द्यावे काय? धर्मग्रामांपुढेही तोच प्रश्न मोठ्या आकारात येतो : सभागृहात स्पर्शपडदा बसवून मुलांना गणित शिकवावे काय?

आमचे उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्याला दोन अटी आहेत. पहिली अट अशी की, मूल ज्या पायरीवर उभे आहे तेथूनच साधनाने सुरुवात केली पाहिजे. दुसरी अट अशी की, मुलाच्या शेजारी कोणीतरी मोठे माणूस बसले पाहिजे. या अटी पाळल्या नाहीत तर पैसा जातो, मुलाचा वेळ जातो आणि 'मला गणित येतच नाही' ही त्याची समजूत मात्र पक्की होते. हे असे का, याचा विचार आपण करू या.

अडचण नेमकी कोठे आहे?

तिसरीतल्या मुलाला ५२ मधून २७ वजा करण्यास सांगावे. पुष्कळ मुले ३५ असे उत्तर लिहितात. हे उत्तर निष्काळजीपणाचे नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन वजा करते आणि पाच लिहिते. पुढे पाचातून दोन गेले, तीन उरले. त्याच्या दृष्टीने सर्व काही नियमाप्रमाणे झाले आहे. पाच दशकांपैकी एक दशक सुटा करावा लागतो, म्हणजेच 'हातचा' घ्यावा लागतो, ही गोष्ट त्याला कधी दिसलेलीच नसते. ज्याला हा हातचा समजला नाही, त्याला पुढे भागाकार समजत नाही. भागाकार नाही म्हणून अपूर्णांक नाही. आणि वर्ग तर दर जून महिन्यात पुढे सरकतच असतो.

ही स्थिती थोड्या मुलांची नाही. 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतील केवळ ३३.७ टक्के मुलांना हातच्याची वजाबाकी येत होती, आणि पाचवीतील केवळ ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होते.

आपल्या भाषेमुळे यात आणखी एक पेच पडतो. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी ऐकू येतात, परंतु लिहिताना दोन आधी लिहावा लागतो. 'एकोणतीस' मध्ये कानावर 'तीस' पडते, पण लिहायचे असतात दोन आणि नऊ. हा 'एकोण' चा नियम एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्व्याण्णवला येऊन मोडतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' अशी वाचनपद्धतीही देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी लहान मुलांना जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे येणाऱ्या अडचणींकडे लक्ष वेधले होते. त्या पद्धतीविषयी कोणाचे मत काहीही असो, त्यांनी दाखविलेली अडचण खरी आहे. म्हणूनच गणिताचे ॲप कोणत्या भाषेत बोलते, हे पालकांनी आधी पाहावे. इंग्रजी ॲप 'फिफ्टी टू' म्हणताना पन्नास आधी सांगते, घरी आई 'बावन्न' म्हणते; दोन्ही जुळवून देणारे कोणी नसेल तर मूल गोंधळते.

परस्परसंवादी साधन म्हणजे काय?

गणिताची चित्रफीत पाहणे आणि परस्परसंवादी साधन वापरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चित्रफितीत मूल केवळ प्रेक्षक असते. परस्परसंवादी साधनात मुलाच्या कृतीला उत्तर मिळते. उदाहरणार्थ, पडद्यावर दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिसतात. सत्तावीस काड्या काढून घे, असे साधन सांगते. सुट्या काड्या तर दोनच आहेत. मूल एका गठ्ठ्यावर बोट ठेवते, गठ्ठा सुटतो आणि दहा काड्या मोकळ्या होतात. आता बारा सुट्या काड्या आहेत. त्यांतून सात निघू शकतात. हातचा म्हणजे काय, हे येथे मुलाने स्वतःच्या बोटाने केलेले असते. उत्तर आले पंचवीस, आणि ते का आले हेही त्याला दिसले.

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी मण्यांच्या माळांनी आणि आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात साध्या, हाताशी असलेल्या वस्तूंनी जे तत्त्व रुजविले, तेच हे तत्त्व होय : हाताने केल्यावाचून लहान मुलाला अमूर्त गोष्ट कळत नाही. पडद्याने यात तीन गोष्टींची भर घातली आहे. चूक झाल्याचे मुलाला तत्काळ कळते. तोच प्रकार कितीही वेळा करता येतो. आणि चार मुलांसमोर लाज वाटत नाही. मात्र जे ॲप चार पर्याय देते, चुकल्यावर केवळ लाल फुली दाखविते आणि बरोबर आल्यावर नाणी उधळते, ते मुलाला अंदाजाने बोट ठेवायला शिकविते. असे ॲप गणिताचे नव्हे, नशिबाचे शिक्षण देते.

आजवरचा अनुभव

या साधनांची काळजीपूर्वक तपासणी आपल्या शेजारच्या बडोद्यात झालेली आहे. गुजरात शासनाने २००० साली तेथील महापालिकेच्या प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. २००२ ते २००४ या काळात 'प्रथम' या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकापुढे दोन मुले बसत. अल्प प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे सोबत असत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची गणितातील प्रगती स्पष्ट दिसली. परंतु उपक्रम थांबल्यावर एका वर्षाने त्या लाभाचा थोडाच अंश शिल्लक राहिला होता. म्हणजे हे औषध एकदाच घेऊन भागणारे नाही, सातत्य हवे.

गुजरातमध्येच 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांत ली लिंडेन यांनी केलेल्या अभ्यासातून आणखी महत्त्वाची गोष्ट पुढे आली. शिक्षकाच्या तासाऐवजी संगणक दिला तेव्हा मुले पूर्वीपेक्षा कमी शिकली. शाळेच्या वेळेनंतर, शिक्षकाच्या अध्यापनाला जोड म्हणून तोच कार्यक्रम दिला तेव्हा मुलांना लाभ झाला, आणि मागे पडलेल्या मुलांना तो अधिक झाला. यंत्र तेच, अभ्यासही तोच. केवळ त्याची जागा बदलली आणि परिणाम उलटा झाला.

दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी चालविलेल्या 'माइंडस्पार्क' केंद्रांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. संगणकाने प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पायरीवरचे प्रश्न दिले, आणि त्यासोबत लहान गटात शिकविणारा साहाय्यकही होता. साडेचार महिन्यांत चांगली प्रगती दिसून आली. आमच्या दोन्ही अटी येथे एकत्र पाळल्या गेल्या होत्या, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनीही या क्षेत्रात वाट दाखविली आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथे संदीप गुंड यांनी गावाच्या साह्याने डिजिटल शाळा उभी केली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी पुरस्काराची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. दोन्ही ठिकाणी साधनाच्या मागे मुलांना नावानिशी ओळखणारा शिक्षक उभा होता.

आपल्या मुलांचे गणित

२०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचे गणित तपासले गेले. भाजीचा हिशेब ही मुले तोंडी, अचूक करीत. तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिले की अडखळत. शाळेत जाणाऱ्या मुलांची स्थिती याच्या उलट होती. बाजारातले गणित आणि वहीतले गणित यांच्यामध्ये पूल नव्हता.

जालन्यात तो पूल बांधण्याचे साहित्य हाताशी आहे. सळईच्या जाडीसाठी 'सूत' हे माप आजही बोलण्यात आहे. एका इंचाचे आठ सूत होतात. म्हणजे चार सूत म्हणजे अर्धा इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच आणि तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच. पाचवीच्या मुलाला ३/८ हा अपूर्णांक पुस्तकात परका वाटतो. 'तीन सुती सळई' हे शब्द मात्र त्याने वडिलांच्या तोंडून ऐकलेले असतात. पडद्यावर एका पट्टीचे आठ समान भाग करून त्यांतील तीन रंगविताना ही आठवण करून दिली, तर अपूर्णांक घरचा होतो. सळईची नेहमीची लांबी १२ मीटर असते. तिचे तीन-तीन मीटरचे तुकडे किती होतील, हाच भागाकार. हे सांगण्यासाठी वडिलांनी फार शिकलेले असण्याची गरज नाही. ॲप तयार करणाऱ्याला मात्र हे कधीच माहीत असणार नाही.

आपण काय करू शकतो?

प्रथम मुलाची पायरी पाहावी. 'असर' च्या चाचणीचा क्रम घरीही वापरता येतो : एक ते नऊ अंक ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी (५२ वजा २७), आणि तीन अंकी संख्येचा भागाकार (९२४ भागिले ७). मूल जेथे अडते तेथून सुरुवात करावी, मग ते कोणत्याही इयत्तेत असो. यात कमीपणा मानू नये.

दुसरे, शाळेचा तास किंवा गृहपाठ बुडवून फोन देऊ नये. संध्याकाळची वीस मिनिटे पुरतात. परंतु ती नियमाने द्यावीत. एका फोनपुढे दोन मुले बसली तर ती एकमेकांशी बोलतात, आणि बोलण्यातून विचार स्पष्ट होतो.

तिसरे, शेजारी बसणाऱ्याने उत्तर सांगू नये. 'हे तू कसे काढलेस?' एवढेच विचारावे. ३५ हे उत्तर कोठून आले, ते या प्रश्नानेच कळते. आईला लिहिता-वाचता येत नसले तरी हा प्रश्न तिला विचारता येतो.

चौथे, पडद्यावर जे केले ते काडेपेटीतील काड्या आणि रबर घेऊन पुन्हा करावे, व त्यानंतर वहीत लिहावे. शासनाच्या 'दीक्षा' या ॲपवरील मराठी पाठ विनामूल्य असून ते आधी उतरवून ठेवता येतात. त्यामुळे वीज गेली किंवा नेट नसले तरी काम अडत नाही.

धर्मग्रामांना आमची विनंती अशी की, भिंतीवरच्या महागड्या पडद्याआधी माणसांचा विचार करावा. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने संत लूककृत शुभवर्तमानात सांगितले आहे. आपल्या युवक-युवतींपैकी, निवृत्त शिक्षकांपैकी आणि धर्मभगिनींपैकी आठवड्यातून तीन संध्याकाळी कोण देऊ शकेल, हा त्या हिशेबातील पहिला आकडा होय. तो ठरल्यावर दोन-तीन साधे टॅब पुरतात. आणि या वर्गाचे दार सर्व धर्मांच्या मुलांना खुले असावे, हे सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात आई-वडील हेच मुलांचे पहिले शिक्षक असल्याचे सांगितले. सुमारे साठ वर्षांनंतर, २८ जानेवारी २०२५ रोजी, व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी 'अँटिक्वा एट नोव्हा' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासातून जे नाते निर्माण होते ते यंत्राला देता येत नाही, असा त्याचा आशय आहे. परिषदेचे वचन आणि हा दस्तऐवज, दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवितात.

शुभवर्तमानातील मेंढपाळाकडे शंभर मेंढरे होती. त्यांतील एक हरवले हे त्याला कळले, कारण त्याने ती मोजली होती. भिंतीवरचा पडदा नव्व्याण्णवांशी एकाच वेळी बोलू शकतो. शंभरावे मूल मागच्या रांगेत ५२ मधून २७ वजा करताना कोठे हरवले, हे त्याला कळत नाही. ते पाहण्यासाठी आपल्यापैकी कोणालातरी त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसावे लागेल. त्यासाठी लागणारा वेळ आणि धीर परमेश्वर आपल्या सर्वांना देवो.