अवघड इंग्रजी, भक्कम आधार

इंग्रजी शिकण्याविषयी आपल्या चळवळीच्या मनात कधीच संदेह नव्हता. सावित्रीमाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावी, हा आग्रह त्यांनी त्यातून तेव्हाच मांडला होता. त्यामुळे इंग्रजी शिकावी की नाही, हा आज आपल्यापुढचा प्रश्न नाही. आठवी ते दहावीच्या वर्गात आपण मुलांना खरोखर इंग्रजी शिकवतो, की इंग्रजीच्या पेपरात उत्तीर्ण होण्याची युक्ती तेवढी शिकवतो, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. म्हणजे दहावीला बसणारा विद्यार्थी दहा वर्षे ही भाषा शिकत असतो. तरीही स्वतःच्या मनातली पाच वाक्ये न पाहता लिहा म्हटले, तर अनेकांची लेखणी अडते. ८० गुणांचा लेखी पेपर, २० गुण शाळेच्या हाती आणि उत्तीर्ण होण्यास ३५ गुण पुरेसे, असे हे गणित आहे. गाइडमधील खुणा केलेली उत्तरे, पाठ केलेले पत्र आणि पाठ केलेला निबंध यांच्या बळावर ते सुटते. पुढे अकरावीला विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत सगळे विषय इंग्रजीतून सुरू झाले, की तोच विद्यार्थी मागच्या बाकावर गप्प होतो. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. त्याला दहा वर्षांत अवघड इंग्रजीशी झुंजण्याची संधीच मिळालेली नसते.

असे का घडते? बहुतेक वेळा शिक्षकाच्या दयेपोटी घडते. मुले पहिल्या पिढीची शिकणारी आहेत, घरी इंग्रजीचा वारा नाही, तेव्हा पेलवेल तेवढेच द्यावे, असा तो विचार असतो. हेतू चांगला असला तरी परिणाम घातक आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. तो नकार उघड होता, म्हणून त्याविरुद्ध बोट दाखवता आले. आज ‘तुला हे झेपणार नाही, एवढे पाठ कर’ असे मायेने सांगितले जाते. या नकाराचा आवाज होत नाही आणि ज्याला नाकारले त्याला ते बऱ्याच उशिरा कळते.

बाबासाहेबांचे इंग्रजी कसे घडले, हे यासंदर्भात पाहण्यासारखे आहे. सुभेदार रामजींनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत, असे रोजचे काम होते. परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून मुलाला लवकर निजवून पहाटेपूर्वी उठवण्याची व्यवस्था त्यांनी केली. पुस्तकांसाठी पैसे नसत तेव्हा लेकींचे दागिने गहाण पडले. अपेक्षा कठोर आणि आधार पूर्ण, अशी ही जोडी होती. १९०७ साली मॅट्रिकला बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या दृष्टीने ही संख्या कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. पण ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या परिसंवादात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध इंग्रजीत वाचला. गुणपत्रिकेत न दिसणारी सवय त्या नऊ वर्षांत फळाला आली.

अपेक्षा वाढवायची म्हणजे मुलांना ताणून तोडायचे नव्हे. राजगृहाजवळ शीतवनात सोण नावाच्या भिक्खूने पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण केले आणि निराश झाला. तो पूर्वी उत्तम वीणावादक होता. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा वाजते का, असे तथागतांनी त्याला विचारले. इंग्रजीच्या शिक्षकानेही हाच प्रश्न रोज स्वतःला विचारावा.

प्रत्यक्ष वर्गात हे कसे करता येईल? एक उदाहरण घेऊ. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनातील पहिला प्रसंग नववीच्या वर्गाला वाचायला द्यावा. भाषा सरळ आहे, पण आशय प्रौढ आहे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. त्यांची जात कळताच बैलगाडीवाले नकार देतात. शेवटी एक जण दुप्पट भाडे घेऊन तयार होतो. मात्र गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. पुढे रात्री जेवण जवळ असूनही पाण्यावाचून मुले उपाशी राहतात.

पहिल्या दिवशी या प्रसंगाची चर्चा मराठीतून करावी. मराठी ही येथे अडचण नाही, पायरी आहे. बुद्धवचने वैदिक छंदांत बांधावीत, ही सूचना तथागतांनी नाकारली आणि लोकांनी आपापल्या भाषेत धम्म शिकावा, असे सांगितले, हे आपण जाणतोच. दुसऱ्या दिवशी दहा-बारा कळीचे शब्द आधी देऊन मूळ उतारा इंग्रजीत वाचावा. त्याचे सोपे रूपांतर देऊ नये. तिसऱ्या दिवशी प्रश्न विचारावा. ‘मुले कोठे उतरली?’ हा प्रश्न बोट ठेवून सुटतो. ‘गाडीवाल्याने पैसे घेतले, मग विटाळ कशाचा मानला?’ या प्रश्नाला विचार करावा लागतो. हा दुसरा प्रश्नच द्यावा. मात्र उत्तराच्या वाक्यांची सुरुवात इंग्रजीत फळ्यावर लिहून द्यावी. सोपा प्रश्न आणि पूर्ण उत्तर देण्यापेक्षा अवघड प्रश्न आणि अर्धे वाक्य देणे कितीतरी हिताचे आहे. असे आधार जूनमध्ये चार, दिवाळीनंतर दोन आणि जानेवारीत एकही नाही, या क्रमाने काढून घ्यावेत.

व्याकरणही तुलनेने शिकवावे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येते. ‘घरात’ या शब्दातील ‘आत’चा अर्थ आपल्याकडे नामाच्या मागे लागतो, इंग्रजीत तो ‘इन’ होऊन पुढे येतो. ‘अ’ आणि ‘द’ यांना मराठीत जोडीदार नाहीत. ‘मला भूक लागली’ म्हणणाऱ्या मुलाला इंग्रजीत ‘मी भुकेला आहे’ अशी रचना करावी लागते. मुलांच्या बहुतेक चुका या फरकांतूनच येतात. कारण कळले की चुकीची लाज जाते. वहीतील प्रत्येक चूक लाल करण्याऐवजी एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी, लेखन पुन्हा करून घ्यावे आणि गुण दुसऱ्या मसुद्याला द्यावेत.

यात वेळ जाईल आणि निकाल घसरेल, ही शंका रास्त आहे. परंतु बोर्डाच्या पेपरात न पाहिलेला उताराही असतो आणि तिथे कोणतेही गाइड मदतीला येत नाही. स्वतः वाक्य जुळवू शकणारा विद्यार्थी पाठ केलेले विसरले तरी रिकामी उत्तरपत्रिका देत नाही.

निवासी शाळेला येथे मोठी सोय आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह सुरू केले, कारण छप्पर, जेवण आणि अभ्यासाची वेळ मिळाल्याशिवाय शाळेचा दरवाजा उघडून उपयोग नव्हता. आजही दहावीच्या मुलाने आठवीच्या मुलासोबत संध्याकाळी वीस मिनिटे मोठ्याने वाचले, तर दोघेही शिकतात.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांतून मुले पाठवणाऱ्या पालकांनी ‘आम्हाला इंग्रजी येत नाही’ म्हणून मागे राहू नये. मूल सुटीत घरी आले की आज काय वाचतोस, ते मराठीत सांगायला लावावे आणि ‘असे का झाले?’ म्हणून विचारावे. समजल्याशिवाय सांगता येत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज बँकांत, रुग्णालयांत, कार्यालयांत इंग्रजीतून काम करतात, त्यांनी महिन्यातून एक रविवार वसतिगृहात येऊन मुलांबरोबर वाचायला बसावे. देणगीचे मोल आहेच. पण आपल्याच वस्तीतून गेलेला माणूस अवघड पान उलगडताना पाहणे, हे मुलांना दुसरीकडे कुठे मिळणार नाही.