वकिलावरचा दावा : राग नको, हकीकत लिहा

मंडळी, समजा तुमचा बांधाचा दावा दिवाणी कोर्टात तुमच्या विरुद्ध गेला. जिल्हा कोर्टात अपील करायला ३० दिवसांची मुदत असते. तुम्ही आठवड्याच्या आत वकीलपत्रावर सही केलीत, निकालाची नक्कल दिलीत, फीही भरलीत. वकीलसाहेब "होईल, होईल" म्हणत राहिले आणि मुदत टळली. उशीर माफ करावा हा अर्जही पुढे नामंजूर झाला. मग या वकिलावर दावा करता येतो का?

येतो. केवळ वकील आहे म्हणून कोणी निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही, असे वकिलांच्या फीसंबंधीच्या १९२६ सालच्या कायद्यानेच सांगितले. मात्र १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की वकिलाविरुद्ध अशी तक्रार ग्राहक संरक्षण कायद्याखाली चालणार नाही. तेव्हा वाट उरते ती दिवाणी कोर्टाची.

खरी अडचण इथूनच सुरू होते. रागाच्या भरात माणूस दावाअर्जात लिहितो, "वकील लबाड आहे, विरुद्ध बाजूला फितूर झाला, माझं वाटोळं केलं, मला दोन लाख रुपये मिळावेत." यातून न्यायाधीशांना काय कळणार? काम कोणतं सोपवलं, कधी सोपवलं, काय राहिलं, त्यामुळे काय बुडालं, यातलं एकही त्यात नाही.

अशा लिखाणासाठी १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत दोन तरतुदी आहेत. आदेश ६, नियम १६ प्रमाणे अनावश्यक, बदनामीचा किंवा निव्वळ त्रास देण्यासाठी घातलेला मजकूर कोर्ट काढून टाकू शकते. आणि दाव्याला कारणच दिसत नसेल, तर आदेश ७, नियम ११ प्रमाणे सगळा दावाअर्जच नामंजूर होतो. हे ठरवताना न्यायाधीश वकिलाची कैफियत पाहत नाहीत. तुम्ही लिहिलेलं खरं धरतात आणि विचारतात, "हे खरं असलं, तरी दाद देण्याजोगं यात काय आहे?" म्हणजे अर्ज नामंजूर झाला याचा अर्थ तुम्ही खोटे ठरलात असा नव्हे. तुमची बाजू ऐकण्याची वेळच आली नाही, असा त्याचा अर्थ.

कोणी म्हणेल, बाकीचं साक्षीत सांगू. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? दावाअर्जात मुद्दाच नसेल, तर त्यावर पुरावा चालत नाही.

तेव्हा चार गोष्टी लिहाव्यात. कोणतं काम, कोणत्या तारखेला सोपवलं. वकिलाने काय करायला हवं होतं. त्याने काय केलं नाही. आणि त्यामुळे तुमचं नुकसान कसं झालं. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. अपील वेळेवर दाखल झालं असतं तर त्यात काय दम होता, हे सांगावं लागतं. मुळातच हरणारं अपील बुडालं, तर नुकसान कसलं? नुसता दावा हरला म्हणूनही वकील दोषी ठरत नाही. आणि फसवणुकीचा आरोप करायचा असेल, तर तारीखवार तपशील द्यावाच लागतो.

उणीव राहिलीच, तर दुरुस्तीची परवानगी मागता येते. अर्ज नामंजूर झाला तरी त्याच कारणावर नवा दावा करता येतो, पण मुदत उरली असेल तरच. ही मुदत साधारणपणे ३ वर्षांची असते. पोकळ अर्जाच्या मागे दोन वर्षं गेली, तर हाती फार थोडं उरतं.

शिक्षकबंधुभगिनींनो, गावात कागद लिहून घ्यायला माणसं तुमच्याकडेच येतात. अर्ज तुम्ही लिहू नका. त्याला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पाठवा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळू शकतो. पण पाठवण्याआधी त्याला समोर बसवा, पावत्या आणि चिठ्ठ्या काढायला लावा आणि तारखांची एक यादी करून द्या. त्याचा राग खरा असेल; कोर्टात मात्र ती यादीच त्याच्या बाजूने बोलेल.